सायकल आणि तिची राखण

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

मुंबई-गोवा रस्त्याने पळस्पे फाटा मागे टाकून कर्नाळ्याकडे निघाले की शिरढोण लागते. हे गाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे ते वासुदेव बळवंत फडके यांच्यामुळे. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी ते इथे जन्मले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांनी देह ठेवला. त्यांच्या आयुष्यात घोडा होता, बैलगाडी होती, रेल्वेसुद्धा होती. आज आपण जिला सायकल म्हणतो ती मात्र नव्हती. ती त्यांच्या मागे दोनच वर्षांनी आली. १८८५ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावी जॉन केंप स्टार्ले यांनी दोन सारखी चाके, मधे पायडल आणि मागच्या चाकाला साखळी असे यंत्र बाजारात आणले. त्याआधीची सायकल म्हणजे पुढे माणसाच्या छातीएवढे चाक आणि मागे वाटीएवढे. तीवरून पडला तो थेट तोंडावरच पडायचा. पुढे १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलचे धक्के कमी व्हावेत म्हणून त्याने हा उद्योग केला होता.

बेलफास्टमध्ये हे घडत होते त्याच १८८८ साली आपल्याकडे बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलचे दुकान काढले. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत असे लक्षात आले, म्हणून रंग सोडून ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. मुंबईत सायकली घ्यायच्या, बेळगावला बंधू रामूअण्णांकडे पाठवायच्या, तिथे त्या विकायच्या, गिऱ्हाइकाला चालवायला शिकवायचे आणि बिघडली की दुरुस्तही करून द्यायची, असा हा धंदा होता. पुढे लोखंडी नांगर आला, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, ते सगळे आपण शाळेत शिकलो. पण एवढ्या मोठ्या कारखानदारीचे पहिले पान सायकलच्या ग्रीसने माखलेले आहे, हे आपण विसरतो. मला तर या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग दुरुस्तीचा वाटतो. सायकल विकणे सोपे असते. ती वीस वर्षे चालती ठेवणारा माणूस गावात असणे, हे खरे अवघड.

त्या काळी सायकल म्हणजे शेकडो रुपयांची वस्तू. डॉक्टर, वकील, गोरा साहेब यांच्याकडेच ती असायची, आणि सोन्याच्या खालोखाल तिची राखण व्हायची. चाळीत राहणारा माणूस रात्री सायकल खांद्यावर घेऊन जिना चढे. ओसरीवर ठेवली तरी खांबाला साखळीने बांधे. एवढी मोलाची वस्तू रस्त्यावर फिरू लागली म्हटल्यावर सरकारचेही तिच्याकडे लक्ष गेले. नगरपालिकांनी सायकलीवर कर बसवला आणि कर भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा किंवा पितळेचा बिल्ला द्यायला सुरुवात केली. त्यावर नंबर आणि वर्ष. दर वर्षी नवा बिल्ला घ्यायचा आणि तो हँडलखाली तारेने बांधायचा. खेड्यांनाही हा अधिकार मिळाला. ग्रामपंचायतींच्या १९५८ च्या कायद्यात ज्या करांची यादी आहे, तीत सायकलीवरचा कर आहे. बिल्ला नसला की शिपाई सायकल अडवून ठेवत. रात्री दिवा नसला तरी तेच, आणि डबलसीट दिसले तर विचारूच नका. पुण्यात शिकलेल्या पन्नाशीपुढच्या कोणाही गृहस्थाला विचारा, पोलीस दिसताच मागच्याने टुणकन उडी मारून चालू लागायचे, ही कला त्याला येत असेलच.

दिव्याचा इतिहास तर स्वतंत्रच सांगण्यासारखा आहे. आधी रॉकेलची चिमणी असायची. ती वाऱ्याने विझे. मग कार्बाईडचा दिवा आला. वरच्या डब्यातून पाण्याचा थेंब थेंब खालच्या कार्बाईडवर पडायचा, त्यातून वायू निघायचा आणि तो पेटवला की पांढराशुभ्र उजेड. त्याला वास मात्र असा यायचा की दिवा नेणारा दिसण्याआधी कळायचा. मग डायनमो आला, टायरच्या कडेला घासून फिरणारा. तो लावला की पायडल जड होते, आणि त्याची सगळ्यात मोठी गंमत म्हणजे उतारावर लख्ख प्रकाश आणि चढावर, जिथे सायकल जेमतेम चालते तिथे, काजव्याएवढा. थांबलात की अंधार. आमच्या भागात पळस्प्यापासून कर्नाळ्यापर्यंतच्या रस्त्याला एके काळी झाडांची दाट सावली होती. त्या काळोखात समोरून येणारा मिणमिणता डायनमो पाहून माणूस दमलाय की ताजातवाना आहे, हे ओळखता येत असे.

१९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून काही पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यातल्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी तो पूर्ण केला. मार्च १९२८ मध्ये ते परत आले तेव्हा सुमारे ७१,००० किलोमीटर झाले होते. वाळवंटात ना पंक्चरचे दुकान, ना हवा भरायचा पंप कोणाकडे. जे काही होते ते कॅरियरवर. मला त्यांच्या धाडसाइतकेच त्यांच्या हातांचे कौतुक वाटते. साडेचार वर्षे त्याच हातांनी चेन काढली असेल, आरे बसवले असतील, ट्यूब चिकटवली असेल.

या सायकली सगळ्या परदेशी. रॅले, बी.एस.ए., हंबर, हर्क्युलिस ही नावे म्हातारी माणसे अजून घोड्यांच्या जातींसारखी उच्चारतात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर सोनिपतला अ‍ॅटलस (१९५१), लुधियानाला हिरो (१९५६) आले आणि सायकल साहेबाच्या हातातून गवळ्याच्या, गिरणी कामगाराच्या, पोस्टमनच्या हातात आली. हिंद सायकल कंपनीचे पुढे हाल झाले. १९८० साली तिच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा झाला, पण तोही तिला वाचवू शकला नाही. अ‍ॅटलसच्या साहिबाबाद इथल्या कारखान्याला टाळे लागले ते ३ जून २०२० रोजी. तो नेमका जागतिक सायकल दिन होता. याला काय म्हणावे?

गरिबाच्या हातात आली तेव्हा सायकल सजली, आणि ते सजणे पोटासाठी होते. दूधवाल्याने कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे बसवून किटल्या अडकवल्या. मुंबईच्या डबेवाल्याने हँडलपासून कॅरियरपर्यंत डबे टांगले. गोव्याच्या पोदेराने मागे पावांची मोठी टोपली बांधली आणि हँडलला रबरी भोंगा लावला. धार लावणाऱ्याने तर कमालच केली. स्टँडवर उभ्या केलेल्या सायकलचे पायडल मारले की सीटपुढचा सहाणेचा दगड फिरतो आणि सुरीतून ठिणग्या उडतात. तिथे सायकल वाहन राहतच नाही, ती कारखाना होते. अशा सायकलला दणकट दुपायी स्टँड लागतो, जाड आऱ्यांचे मागचे चाक लागते, पुढच्या चिमट्याला आधाराच्या जादा कांबी लागतात. हे कोणत्याही कंपनीने ठरवले नाही. गिऱ्हाईक आणि मिस्त्री यांनी फूटपाथवर बसून ठरवले, आणि मग कंपन्यांनी उचलले. हबभोवती घालतात तो रंगीत लोकरीचा गोंडासुद्धा नुसता नखरा नव्हे. चाक फिरते तसा तो हब पुसत राहतो, आणि गंज धरत नाही.

आमच्याकडे गंज हा सायकलचा पहिला चोर. चार महिने पाऊस, आणि पनवेल-उरणची खाडी, मिठागरे यांच्यावरून येणारा खारा वारा. शिरढोणच्या फाट्यावर माझ्या मामूंचे सायकलचे दुकान होते. मामू म्हणजे मामाच, पण गावातले फडके, पाटील, ठाकूर, सगळेच त्यांना मामू म्हणत. मे महिन्याच्या शेवटी दुकानापुढे सायकलींची रांग लागे. पावसाआधी 'ओव्हरऑईल' करून घ्यायचे असे लोक म्हणत. मूळ शब्द ओव्हरहॉल, पण मला गावाचा शब्दच जास्त बरोबर वाटतो, कारण त्यात तेल आहे. मामू चेन काढून रात्रभर रॉकेलमध्ये बुडवत. सकाळी ती पुसून, वाळवून शिवणयंत्राचे तेल कडीकडीत सोडत आणि वरचे जादा तेल फडक्याने टिपून घेत. घरातले खोबरेल चेनला घालणाऱ्यांवर त्यांचा फार राग. ‘‘थंडीत थिजतं, धूळ धरतं. केसांना लावा ना!’’ असे ते म्हणत. हब उघडून गोळ्या घमेल्यात ओतत आणि एकेक गोळी उजेडाकडे धरून बघत. खड्डा पडलेली एक गोळी जरी आत राहिली, तरी ती बाकीच्यांना खाते. मग ताजे ग्रीस, आणि कोन इतका आवळायचा की चाक डगमगू नये आणि अडूही नये.

चाकाचा आउट काढणे हे खरे कसबाचे काम. सायकल उलटी करायची, चाक फिरवायचे, ब्रेकच्या रबराजवळ खडू धरायचा. रिम जिथे वाकडी असेल तिथे खडू लागतो. मग त्या बाजूचा आरा पाव फेरा सैल, समोरचा पाव फेरा घट्ट. पुन्हा फिरवायचे, पुन्हा बघायचे. घाई केली की वाकडेपणा एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो, एवढेच. मी कविता लिहितो म्हणून मला अनेकदा विचारतात की छंद कोणाकडून शिकलात. उत्तरादाखल मोठ्या कवींची नावे घ्यावीत अशी अपेक्षा असते. ते असो.

पंक्चर तर सगळ्यांनीच पाहिलेले असते. घमेल्यातले पाणी, बुडबुडा, कानशीने घासलेली जागा, सोल्युशन, आणि ते वाळेपर्यंत थांबणे. ओल्यावर ठिगळ लावले की दोन दिवसांत सुटते. दोनतृतीयांश वेळा पंक्चर नसतेच, वालट्यूब फाटलेली असते, असे मामू सांगत. ती चार आण्यांची गोष्ट. पण म्हणून ते आधी वालट्यूब बघत आणि चार आणेच घेत. दसऱ्याला गावातले लोक दुकानात येऊन पाना-पक्कडीला झेंडू वाहून जात. मामू आदल्या संध्याकाळी सगळी हत्यारे रॉकेलने धुऊन मांडून ठेवत.

आता चोरीकडे वळू. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत आपला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि त्यात व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ज' दाखवला गेला. महायुद्धानंतरच्या रोममध्ये एका बेकाराला भिंतींवर पोस्टर चिकटवण्याची नोकरी मिळते, पण अट असते की स्वतःची सायकल हवी. घरातल्या चादरी गहाण टाकून तो सायकल सोडवतो आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. आपल्या बिमल रॉय यांच्यावर आणि त्यांच्या १९५३ च्या 'दो बिघा जमीन'वर या चित्रपटाचा परिणाम झाला हे सर्वश्रुत आहे. सायकल गेली म्हणजे वाहन गेले असे नाही, रोजगार गेला. हे मुंबईच्या प्रेक्षकाला समजावून सांगावे लागले नसेल. हॉलंडात तर १९४२ साली जर्मन लष्कराने लोकांच्या सायकली जप्त केल्या. त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षांनीही फुटबॉलच्या मैदानावर डच प्रेक्षक जर्मनांना 'आमच्या आजोबांची सायकल परत करा' असे डिवचत होते. पणजोबांची जमीन कोणी लक्षात ठेवते, हे आपल्याला कळते. सायकलही लक्षात ठेवली जाते.

चोरापासून बचावाचे आपल्याकडचे उपाय साधे होते. मागच्या चाकावर घोड्याच्या नालेसारखे कुलूप, ज्याची किल्ली कुलूप उघडे असताना काढता येत नाही. वर साखळी आणि टाळे. नुसते चाकाचे कुलूप असेल तर चोर सायकल उचलून नेतो, म्हणून साखळी खांबातून आणि फ्रेममधून घालायची, नुसत्या चाकातून नाही. चाक काढायला पान्याचे दोन फेरे पुरतात. एस.टी. स्टँडवर सायकल ठेवायची तर पैसे देऊन टोकन घ्यायचे. बाजारात काही जण सीटच काढून पिशवीत घालत. वालट्यूब काढून खिशात टाकणारेही मी पाहिले आहेत. मडगार्डवर नाव रंगवायचे, चेनकव्हरवर मुलाचे नाव घालायचे. आणि मामूंची खास युक्ती म्हणजे हँडलची रबरी मूठ उपसून आतल्या नळीत नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी गुंडाळी करून सरकवायची आणि मूठ परत बसवायची. चोर रंग बदलतो, नाव खरवडतो, पण नळीत बघत नाही.

मी बी.ए.ला असताना शिरढोणहून पनवेलला सायकलनेच जात असे. १९८९ च्या सुमारास बाजारातून माझी सायकल गेली, साखळी कापून. तक्रार लिहून घेणाऱ्याने पहिला प्रश्न विचारला तो फ्रेमच्या नंबरचा. नंबर माझ्या वहीत नव्हता, मामूंच्या वहीत होता. त्यांच्या दुकानात जी नवी सायकल जोडली जाई, तिचा नंबर ते लिहून ठेवत. त्यांनी पेण, रसायनी, पनवेल इथल्या ओळखीच्या मिस्त्रींना निरोप धाडला. फोन नव्हते, निरोप ट्रकवाल्यांबरोबर गेला. तीन आठवड्यांनी पेणच्या एका मिस्त्रीकडे हिरवी रंगवलेली सायकल विकायला आली. माझी काळी होती. त्याने सौदा करता करता सहज मूठ उपसली आणि चिठ्ठी निघाली. ‘‘रंग ओला आहे, वाळला की पैसे देतो, तोवर इथेच ठेव,’’ असे सांगून त्याने विकणाऱ्याला वाटेला लावले. तो परत आलाच नाही. मी सायकल घ्यायला गेलो तेव्हा त्या मिस्त्रीने माझ्याकडून हवेचेही पैसे घेतले नाहीत, फक्त मामूंना सलाम सांगा म्हणाला.

ही राखण कुलपाची नव्हती, ओळखीची होती, हे मला आता इतिहास वाचताना अधिक जाणवते. आणि इथेच मला त्या बिल्ल्याची आठवण होते. नगरपालिकेचा बिल्ला कर म्हणून आला. पुढे सायकलीचा कर गोळा करायचा खर्च उत्पन्नाला भारी पडू लागला, तसा तो बिल्ला गेलाही कर म्हणूनच. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्या कराच्या पोटात एक नोंदवही होती. कोणती सायकल कोणाची, हे दर वर्षी कुठेतरी शाईने लिहिले जात होते. ते लिहिणेही थांबले. जपानमध्ये सायकल घेतली की पोलिसांपर्यंत पोचणारी तिची नोंद करणे १९९४ पासून कायद्याने सक्तीचे आहे. फ्रेमवर छोटी चिकटपट्टी असते आणि हरवलेली सायकल त्यावरून घरी येते. आपल्याकडे हे दशकानुदशके होते. आपण त्याला फक्त कर समजलो.

या गोष्टीला आज फार महत्त्व आले आहे. १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ३०३ व्या कलमात अशी तरतूद आहे की चोरलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल, चोरी करणाऱ्याचा तो पहिलाच गुन्हा असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा व्हावी. भुकेल्या माणसाला तुरुंगात न धाडण्याचा हा विचार मला मान्य आहे. पण अशी किरकोळ चोरी अदखलपात्र ठरते. म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपासाला हात घालू शकत नाहीत. आता हिशेब करा. रखवालदाराची, पेपर टाकणाऱ्या मुलाची, कामाला जाणाऱ्या मजुराची दहा वर्षे वापरलेली सायकल कोणत्या बाजारात पाच हजारांची ठरेल? पन्नास हजारांची गियरवाली सायकल चोरीला गेली तर तपास होईल. ज्याची रोजी तिच्यावर आहे त्याच्या सायकलीचे मोल कायद्याच्या तराजूत हलके पडते.

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली दिल्या जातात. फार चांगली योजना. आमचा तालुका त्यात नाही, पण जिथे आहे तिथल्या मुलींना सायकलीबरोबर एक पाना, एक पंप आणि पंक्चर काढायला शिकवणारा माणूस मिळाला, तर ती सायकल बारावीपर्यंत टिकेल. कारण गावोगावचे मिस्त्री आता संपत आले आहेत. मामूंचे दुकान रस्ता रुंद व्हायच्या आधीच बंद झाले होते. त्यांच्या मुलांनी मोटारसायकलचे गॅरेज काढले, ते चांगले चालते. पनवेल-इंदापूर रस्त्याचे चौपदरीकरण २०११ पासून रेंगाळत राहिले. त्यात सायकलवाल्यासाठी वेगळी पट्टी नाही. तरी पहाटे कामावर जाणारे लोक त्या कडेने जाताना मला दिसतात, मागच्या मडगार्डला चकचकीत पट्टी लावलेले.

मामूंची ती वही माझ्याकडे आहे. तिच्यात तारीख, नाव, गाव आणि नंबर आहे, कुठे कुठे पुढे 'बाकी दीड रुपया' असेही आहे. आता ती वही लिहिणारे कोणी नाही, तेव्हा ज्याने त्याने आपले लिहून ठेवावे लागेल. सायकल घेतल्याची पावती जपावी, मोबाईलवर सायकलीचा एक फोटो काढून ठेवावा आणि फ्रेमचा नंबर टिपावा. तो बहुधा सीटखालच्या नळीवर किंवा पायडलच्या मधल्या गाळ्याखाली ठोकलेला असतो. तिथे ग्रीस आणि चिखलाचा थर बसलेला असतो, त्यामुळे दिसत नाही. रॉकेलचा बोळा फिरवला की आकडे वर येतात.